अकरा माशांचं अपहरण

आठ वर्षांपूर्वी मी आणि माझ्या भाचीने एका दुपारी अकरा मासे पळवले. ‘पळवले’ हे आत्ता म्हणते. तेव्हा आम्ही दोघी त्याला ‘वाचवले’ म्हणत होतो.

ओहोटी होती. खडकांवरून फिरताना भाचीला एका खळग्यात बोटाएवढे मासे दिसले. खळगा कपडे भिजवायच्या टबाएवढा, समुद्र तिथून तीसेक पावलं मागे हटलेला, डोक्यावर ऊन. ती सात वर्षांची होती. म्हणाली, "मावशी, हे मागे राहिले. आता मरतील ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, प्लास्टिकची बाटली मात्र होती. बाटली कापून पेला केला आणि पाऊण तास खपून एकेक मासा त्यात घेत आम्ही समुद्रात सोडून आलो. मासे सहजी हाती लागत नव्हते. दगडाखाली शिरत, खळग्याच्या भिंतीला चिकटून बसत. एकाने तर चक्क पाण्याबाहेर उडी मारली, खडकावर एकदा आपटला आणि दिसेनासा झाला. ‘घाबरलाय बिचारा’ असं मी म्हटल्याचं आठवतं.

मी व्यवसायाने लेखापरीक्षक. मोजल्याशिवाय चैन पडत नाही. अकरा सोडले, एक पळाला, खळग्यात शिल्लक शून्य.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. ओहोटी रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, त्या हिशेबाने जरा उशिराच. त्याच खळग्यात मासे. वाकून मोजले. नऊ. भाची हिरमुसली. "परत अडकले!" तिला हे पटलं, मला पटेना. एवढा समुद्र मोकळा पडलेला असताना नऊ मासे एका रात्रीत त्याच टबात येऊन अडकतात? कुणाच्या खातेवहीत असा योगायोग सापडला तर आम्ही त्याला योगायोग म्हणून सोडून देत नाही.

तिथून मला हा नाद लागला. घडीचं स्टूल, थर्मामीटर, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि एक उभी वही, एवढं सामान. गुडघे कुरकुरतात, पण स्टूल आहे.

मासा तसा दिसायला काहीच नाही. मळकट तपकिरी अंग, त्यावर गडद डाग, डोकं मोठं आणि चपटं, गाल फुगलेले, डोळे कपाळावर चढलेले. फिक्या वाळूवर बसला की फिका पडतो, काळ्या खडकाला टेकला की काळवंडतो, आणि हा बदल बघता बघता होतो. पहिली दोन वर्षं मी वहीत त्याला बिनदिक्कत ‘ब्लेनी’ लिहीत होते. साफ चूक. ब्लेनी आणि गोबी ही खडकांतल्या डबक्यांमधली दोन मोठी घराणी, आणि नवख्या माणसाला दोन्ही सारखीच वाटतात. आधी पाठ बघायची. ब्लेनीच्या पाठीवर बहुधा एकच लांबलचक पर असतो, गोबीच्या पाठीवर दोन सुटे. ब्लेनीला खवले नसतात, नुसती बुळबुळीत कातडी. पोटाखाली नजर गेली तर शंकाच उरत नाही. ब्लेनीचे पोटाकडचे पर दोन बारीक बोटांसारखे असतात आणि तो त्यांच्यावर कट्ट्यावर कोपरं टेकून बसलेल्या माणसासारखा रेलतो. गोबीचे तेच दोन पर जुळून त्यांची वाटी झालेली असते.

माझ्या खळग्यातल्या माशांना वाटी होती. वहीतली दोन वर्षांची सगळी पानं खोडून दुरुस्त करावी लागली. आमच्या पेशात खाडाखोड अपशकुनी, पण इलाज नव्हता.

हे मासे बॅथिगोबियस गटातले. जगातल्या बहुतेक उबदार समुद्रांच्या खडकाळ काठांवर या गटाची कोणती ना कोणती जात असते. ओळखायची आणखी एक खूण म्हणजे छातीजवळच्या पराचे वरचे काटे पडद्यातून सुटून केसांसारखे मोकळे फिस्कारलेले असतात. इंग्रजी नावात त्यावरूनच झालर आली आहे. बॅथिगोबियस फस्कस ही जात एडुआर्ट रुपेल या जर्मन निसर्गअभ्यासकाने तांबड्या समुद्रातल्या नमुन्यांवरून १८३० साली नोंदवली. फस्कस म्हणजे काळपट. मोठ्यात मोठा मासा १२ सेंटिमीटरच्या आसपास. मला दिसतात ते बहुतेक त्याच्या निम्मे.

पोटाखालची वाटी ही त्याची खडकावरची पकड. लाट आदळते तेव्हा मासा वाटी खडकावर दाबून बसतो. डबक्यातल्या माशांपैकी बरेच जण पोहण्यात सुमारच असतात, आणि ते त्यांच्या सोयीचंच आहे. आतली हवेची पिशवी, जिच्या जोरावर इतर मासे अधांतरी तरंगतात, ती बहुतेकांना नसते किंवा नावापुरती असते. म्हणून ते जड होऊन तळाला बसतात. जिथे दर बारा सेकंदांनी पाणी तुम्हाला उचलून दगडावर आपटायला टपलेलं असतं तिथे तरंगणं परवडत नाही. पकडीच्या बाबतीत मात्र गोबीने फुशारकी मारू नये. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक काठावरचा क्लिंगफिश हा मासा पोटाच्या तबकडीने शेवाळलेल्या, खरबरीत दगडाला असा चिकटतो की त्याला उखडायला त्याच्या वजनाच्या ८० ते २३० पट ओढ लागते, असं मोजलेलं आहे. बाथरूमच्या फरशीवरून दर आठवड्याला गळून पडणारा माझा रबरी हूक मी त्यानंतर फार अपमानित नजरेने बघते.

आता त्या टबाबद्दल. समुद्राच्या मानाने टब फार विक्षिप्त जागा आहे. एका कडक दुपारी दोन वाजता समुद्राचं पाणी २९ अंश होतं आणि खळग्यातलं ३६. तासाभरात भरतीची पहिली लाट आत आली आणि थर्मामीटर मिनिटाभरात सात अंश उतरला. आपल्याला असा झटका बसला तर आपण आजारी पडू. उन्हाने पाणी आटतं तसा खारटपणा वाढतो. पावसाची सर आली की उलटं, गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि खारं खाली राहतं. सर ओसरल्यावर मी बघितलंय, वरच्या थरात एक मासा दिसत नाही, सगळे तळाशी.

रात्र त्याहून बिकट. दिवसा डबक्यातलं शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असतं, इतका की दगडांवर बारीक बुडबुडे धरतात. अंधार पडल्यावर तेच शेवाळ, गोगलगायी, खेकडे, मासे असे सगळे मिळून त्याच चार बादल्या पाण्यातला प्राणवायू वापरायला लागतात, भर घालणारा कुणी नाही. कर्बवायू वाढतो, पाण्याची आम्लता वाढते. ओहोटी रात्री तीनला असली तर पहाटेपर्यंत डबकं गुदमरलेलं असतं. एकदा हट्टाने त्या वेळी गेले. टॉर्चच्या कडेच्या उजेडात बघितलं तर मासे काठाच्या उथळ पाण्यात येऊन तोंडं पृष्ठभागाला लावून बसले होते. पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्यात हवेतला प्राणवायू थोडाफार मुरतो, तेवढा ते ओढून घेतात. डबक्यांतले कितीतरी मासे याच्याही पुढे जातात. ते सरळ बाहेर येऊन ओल्या दगडावर बसतात आणि ओल्या कातडीतून, कल्ल्यांतून हवाच घेतात. ग्वाम बेटावर अल्टिकस आर्नोल्डोरम नावाची एक ब्लेनी आहे, ती मोठी झाल्यावर जवळजवळ सगळा वेळ लाटांच्या तुषारांनी भिजणाऱ्या खडकावरच काढते. शेपटी वळवून झटका देते आणि दगडावरून दगडावर उड्या मारते. मासा म्हणून तिच्याकडे बघताना जरा अडचणच होते.

पण मला छळणारा प्रश्न होता तो त्या नऊ माशांचा. ते आले कुठून?

उत्तर जुनं होतं, मला ते उशिरा सापडलं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधल्या लेस्टर अरॉन्सन यांनी बहामातल्या बिमिनी बेटावर बॅथिगोबियस सोपोरेटर या माशाचा अभ्यास केला होता. हा माझ्या माशांचा जवळचा नातेवाईक. ओहोटीच्या वेळी काडीने डिवचलं की हा मासा आपल्या डबक्यातून उडी मारतो आणि बरोबर शेजारच्या डबक्यात पडतो. तिथून पुढच्या, तिथून आणखी पुढच्या, असं करत कधीकधी थेट समुद्रात. गोम अशी, की डबक्याच्या तळाशी बसलेल्या माशाला शेजारचं डबकं दिसू शकत नाही. मधे खडकाची कड आहे. नेम चुकला तर तापलेल्या दगडावर मरण. तरी तो क्वचितच चुकतो.

अरॉन्सन यांनी १९५१ साली आपला तर्क मांडला. भरतीत जेव्हा सगळे खडक पाण्याखाली असतात तेव्हा हा मासा त्यांच्यावरून पोहतो आणि कुठे खळगा आहे, कुठे उंचवटा आहे, हे ध्यानात ठेवतो. ओहोटीत आठवणीच्या भरवशावर उडी घेतो. पुढे त्यांनी कृत्रिम डबकी बांधून तर्क तपासला आणि १९७१ साली निष्कर्ष छापले. ज्या माशांना त्या डबक्यांची भरती कधी अनुभवायलाच मिळाली नव्हती, त्यांच्यापैकी १५ टक्क्यांच्या आसपास उड्या बरोबर पडल्या. ज्यांना फक्त एका रात्रीची भरती मिळाली, त्यांच्या ९७ टक्के. आणि त्या जागेपासून दूर ठेवून ४० दिवसांनी परत आणलं तरी त्यांना नकाशा आठवत होता.

मी हे वाचलं आणि आधी तो निसटलेला बारावा मासा आठवला. घाबरलेला बिचारा! तो आपल्या गल्लीतून शेजाऱ्याच्या अंगणात गेला होता. मी शेजारचं डबकं बघितलंसुद्धा नव्हतं.

नव्या शहरात बदली झाली की ऑफिसातून घरी जायचा रस्ता पक्का व्हायला मला पंधरा दिवस लागतात, तेही फोन हातात धरून. या माशाच्या मेंदूचा आकार मी विचारात घेत नाही, स्वतःच्याच तब्येतीसाठी. त्या मेंदूवरही काम झालं आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या किनाऱ्यांवर कलम ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खडकांतल्या डबक्यांत राहणारे गोबी आणि वाळूवर राहणारे गोबी यांची तुलना केली. जागा ओळखून शिकण्याच्या परीक्षेत डबक्यांतले सरस ठरले, आणि त्यांच्या मेंदूचा पुढचा भाग, ज्याचा जागेच्या आठवणीशी संबंध असतो, तोही मोठा निघाला. वाळू आज आहे तशी उद्या नसते, तिथे पाठांतर करून उपयोग काय? खडक मात्र पिढ्यानपिढ्या हलत नाही.

मग परतीचं कोडंही उलगडलं. पॅसिफिक काठावरच्या टाइडपूल स्कल्पिन या माशावर १९७०च्या दशकात प्रयोग झाले. त्यांना खुणा करून १०० मीटरपर्यंत दूर नेऊन सोडलं, तरी पुष्कळ मासे आपल्या डबक्यात परत आले. त्यांची नाकं निकामी केली तर हे जमेनासं झालं. म्हणजे घर शोधण्यात वासाचाही मोठा वाटा. आम्ही तर आमच्या माशांना फक्त तीस पावलं दूर टाकलं होतं. भरती आली, खडक बुडाले, मंडळी घरी आली. नऊ जण. उरलेल्या दोघांचं काय झालं असेल याची मी फार चौकशी करत नाही. उघड्या समुद्राच्या काठावर बोटाएवढ्या माशाला खाणारे पुष्कळ असतात.

मला स्वतःला एकदाच एका माशाची खातरी देता आली. त्याच्या शेपटीच्या वरच्या कोपऱ्यातून तुकडा गेलेला होता, खेकड्याने कुरतडला असावा. वहीत त्याचं नाव ‘खाच’. सात आठवड्यांत सतरा ओहोट्यांना मी गेले, त्यांतल्या चौदा वेळा खाच त्याच खळग्यात, त्यातही उत्तरेकडच्या कपारीच्या तोंडाशी. दोनदा शेजारच्या डबक्यात. एकदा कुठेच नाही. दर वेळी तुकडा थोडा थोडा भरून आलेला दिसे, कारण माशांचे पर पुन्हा वाढतात, आणि सातव्या आठवड्याच्या शेवटी खाच बुजली. मासा तिथेच असणार, पण आता चारचौघांसारखा. खातं बंद.

खाच त्या कपारीपाशी का बसायचा हे नंतर कळलं, आणि त्याने मात्र मला बरेच दिवस बरं वाटलं नाही. कपारीत कालवाची एक रिकामी शिंप उपडी पडलेली होती. या माशांमध्ये घर नराचं. शिंपेखाली किंवा दगडाखाली तो जागा साफ करतो आणि मादीला बोलावतो. बोलावणं खरंखुरं, आवाजाने. विल्यम टॅव्होल्गा यांनी १९५०च्या दशकात सोपोरेटर जातीच्या नरांचे प्रणयकाळातले खर्जातले हुंकार नोंदवले होते. अंडी घालायला आलेल्या मादीचा नुसता गंध पाण्यात आला तरी नराचा नाच सुरू होतो, हेही त्यांनीच दाखवलं. मादी छताला उलटी होऊन अंडी चिकटवते. लांबट अंडी, एकाला लागून एक, एकाच थरात. आणि निघून जाते. पुढचं सगळं बापाकडे. अंडी फुटेपर्यंत तो तिथेच थांबतो, परांनी पाणी हलवत राहतो म्हणजे त्यांना प्राणवायू मिळावा आणि बुरशी धरू नये, आणि येईल त्याच्या अंगावर धावून जातो, मग तो खेकडा असो की दुसरा गोबी. दुसऱ्या गोबीवर राग असायला कारण आहे. फस्कस जातीत काही छोटे नर स्वतः घर करण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. मोठ्या नराच्या घरी मादी आली की गुपचूप आत घुसून आपलं बीज सोडतात आणि पसार होतात. अंडी राखायचं काम यजमानाकडे. असले व्यवहार मी कागदावर पुष्कळ पाहिले आहेत.

अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लं मात्र खळग्यात थांबत नाहीत. ती पाण्याबरोबर बाहेर जातात, काही आठवडे समुद्रावर तरंगत वाढतात आणि मग वाचली तर कुठल्यातरी खडकाळ काठाला लागतात. नकाशा तिथून पाठ करायला सुरुवात.

तेव्हा बरं न वाटण्याचं कारण असं, की आठ वर्षांपूर्वीच्या त्या खळग्यातही कपार होती आणि कपारीतल्या एका माशाने आम्हाला फार सतावलं होतं. इतर मासे पेल्यापासून पळत होते. हा पेल्यावर चाल करून येत होता. भाची हसत होती, म्हणत होती, "मावशी, हा बघ कसा भांडकुदळ!" तोच आम्ही सगळ्यात शेवटी पकडला. अकरावा.

हे मी भाचीला गेल्या महिन्यात सांगितलं. ती आता पंधरा वर्षांची आहे आणि प्रत्येक गोष्टीला कायद्याचं कलम लावते. म्हणाली, "म्हणजे आपण एका बापाला ड्युटीवरून उचललं." मग थोड्या वेळाने, "पण नऊ आले होते ना परत? नऊपैकी तो असेल." असेल. दुपारी पकडला होता, संध्याकाळी भरती होती. चार-पाच तास घर उघडं पडलं असणार. खेकड्यांना तेवढे पुरतात.

आता आम्ही कुणाला वाचवत नाही. दगड उलटून बघायचा मोह झाला तर हलकेच उचलतो आणि होता तसाच, होत्या त्या बाजूने परत ठेवतो, कारण छत उन्हात उघडं पडलं की छताला चिकटलेलं सगळं वाळतं. एवढंच पथ्य.

गेल्या रविवारी दोघी पुन्हा तिथे होतो. मला एक गोष्ट तिच्या डोळ्यांनी तपासून हवी होती. युरोपच्या किनाऱ्यावर शॅनी नावाची ब्लेनी असते. तिला प्रयोगशाळेत, जिथे भरती नाही, ओहोटी नाही, उजेडही एकसारखा, अशा टाकीत ठेवलं तरी तिच्या किनाऱ्यावर भरती येण्याच्या सुमाराला ती आपोआप हालचाल करायला लागते. शरीरात साडेबारा तासांचं घड्याळ चालू असतं. रॉबिन गिब्सन यांनी १९६०च्या दशकात हे दाखवलं, आणि पुढे, घड्याळ लावलं जातं ते पाण्याच्या चढत्या-उतरत्या दाबावरून, हेही. माझ्या गोबींतही असं काही आहे का, हे मी तीन वर्षं बघते आहे. माझ्या वहीत त्याचे चाळीसेक दाखले आहेत, पण बघणारी मी, लिहिणारी मी आणि तपासणारीही मीच. असा हिशेब मी दुसऱ्या कुणाचा मंजूर केला नसता. शिवाय दूरच्या लाटेचा धक्का खडकातून त्यांना आधी जाणवत असेल, ही शक्यता उरतेच.

म्हणून भाचीला स्टुलावर बसवलं, वही तिच्या हातात दिली, वेळापत्रक माझ्या पिशवीत ठेवलं आणि तिला भरतीची वेळ सांगितली नाही. मी खळग्याकडे पाठ करून बसले. तिचं अक्षर वाईट आहे, पण नोंद अशी आहे:

४:१० – सगळे दगडाखाली. एक दिसतोय, हलत नाही.
४:३५ – तेच. कंटाळा.
४:५२ – दोन बाहेर आले.
५:०३ – सहा. समुद्राच्या बाजूच्या कडेला तोंड करून बसलेत. पाणी अजून लांब आहे.
५:०९ – आठ.
५:२१ – मावशी लाट